न उमटलेली रेघ

“वांढरे मॅडम, तुम्ही जरा बाजूला थांबा,” ठमके म्हणाला आणि त्यानं माझ्या मागच्या माणसाला पुढे घेतलं.

खाणीच्या दवाखान्यातला हा कंपाउंडर एरवी मला ताई म्हणायचा. मॅडम म्हणाला तेव्हाच मी ओळखायला हवं होतं. पण सकाळचे पावणेसहा झाले होते, सहाला पाळी सुरू व्हायची होती आणि माझं सगळं लक्ष यार्डात उभ्या असलेल्या माझ्या डंपरकडे होतं.

“काय झालं जी?” मी विचारलं. “उशीर होऊन राहिला ना मले.”

ठमकेनं टेबलावरची चपटी पट्टी माझ्यापुढे सरकवली. तिच्यावर माझं नाव होतं आणि सहा बारक्या खिडक्या होत्या. एक गांजाची, एक अफूची, अशा एकेका नशेच्या. या पट्टीचं शास्त्र उलटं असतं. खिडकीत दोन रेघा उमटल्या तर माणूस स्वच्छ, आणि खालची रेघ उमटली नाही तर माणूस अडकला. माझ्या पाच खिडक्यांत दोन-दोन रेघा होत्या. चौथीत एकच होती.

“हे कशाची खिडकी?”

“ॲम्फेटामाइन,” ठमके हळू आवाजात म्हणाला. “जागं राहायच्या गोळ्या. लांबच्या पल्ल्याचे ट्रकवाले घेतात ना, त्या.”

मी खरोखर हसले. “अरे बापा, मी घरी गेल्यावर जेवता जेवता डुलक्या घेते. मले कायले पाहिजे जागं राहायची गोळी?”

“दुसरी पट्टी लावून पाहतो.”

दुसऱ्या पट्टीनंही तेच सांगितलं. तोवर बाहेरची रांग गप्प झाली होती. चाळीस माणसांची रांग सकाळी सहाला गप्प होते तेव्हा बातमी बाहेर पोचलेली असते.

मी कोण ते आधी सांगते. चंद्रपूरपासून तासाभराच्या अंतरावर एका खाजगी कंपनीची उघडी कोळसा खाण आहे. आमच्या घरची चार एकर जमीन त्या खाणीत गेली आणि बदल्यात घरातल्या एकाला नोकरी मिळणार होती. सासऱ्यांच्या मनात माझे यजमान होते, हेमराज. पण हेमराजना पंखा पुसायला स्टुलावर चढलं तरी गरगरतं. मग नोकरी मला मिळाली. कंपनीनं ऑफिसात चहापाणी बघायला सांगितलं. मी म्हटलं, जमीन काय चहापाण्यासाठी दिली का? मला डंपर शिकवा. वर्षभर शिकले आणि कोळशावरची माती वाहणाऱ्या शंभर टनी डंपरवर बसले. त्याचं नुसतं चाकच माझ्यापेक्षा अडीच हात उंच. त्या खाणीत अशा गाडीवर बसलेली पहिली बाई मी. गर्व होता का? होता. कष्टानं मिळवलेल्या गोष्टीचा गर्व करू नये असं कुणी म्हणालं तर मी त्याला आधी शिडी चढून वर यायला सांगते.

ही लघवीची तपासणी त्या वर्षी नवीन निघाली होती. कंपनीत परदेशी भागीदार आला आणि दर सहा महिन्यांनी प्रत्येक चालकाची तपासणी करायचा नियम झाला. पेल्यात दिलेला नमुना दोन बाटल्यांत ओतायचा. एकीची तिथंच पट्टीवर तपासणी, दुसरी आपल्या सहीचा कागद चिकटवून सीलबंद. आणि एक छापील अर्ज भरायचा. त्यात एक रकाना होता : ‘गेल्या पंधरा दिवसांत घेतलेली औषधे’.

हे अर्ज भरायचं काम टाइम ऑफिसातल्या गेडामबाबूंचं. रांगेत एकेकाला विचारत बसलं तर पाळी उशिरा सुटते आणि वरून बोलणी खावी लागतात. म्हणून गेडामबाबू आदल्या दिवशी दुपारीच चाळीसच्या चाळीस अर्ज भरून ठेवायचे. औषधांच्या रकान्यात आपल्या मोत्यासारख्या अक्षरात ‘निरंक’. आम्ही फक्त सही करायची. मधुमेहाची गोळी खिशात ठेवून लोक निरंकखाली सही करायचे. मीही केली होती.

आठ वाजता सबनीस साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. हे खाणीचे व्यवस्थापक, पुण्याकडचे. माणूस वाईट नव्हता. आवाज चढवायचा नाही, बाईमाणसाला आधी बसा म्हणायचा. त्या दिवशीही म्हणाले.

“तुमचा अर्ज मी पाहिला. औषध निरंक आहे. म्हणजे औषधामुळे असं दिसलं, असंही म्हणता येत नाही.”

मी निरंकखालच्या माझ्या सहीकडे पाहिलं.

“हे पाहा, मला प्रकरण वाढवायचं नाही,” त्यांनी एक टाइप केलेला कागद पुढे केला. “थकवा होता, एकदाच गोळी घेतली, चूक झाली, असं लिहिलंय. सही करा. पंधरा दिवस घरी बसा. मग तुम्हाला काट्यावर घेतो. सावलीतलं काम आहे, खुर्ची आहे. गावात गाजावाजा नाही.”

काटा म्हणजे कोळशाचे ट्रक तोलायची खोली. तिथं दिवसभर आकडे वाचत बसायचं.

“अन् डंपर?”

“डंपर पुन्हा मिळणार नाही. नियमच आहे तसा.”

“ते दुसरी सीलबंद बाटली कायले ठेवता मंग?”

साहेबांनी चष्मा काढला. “तुम्ही लेखी मागितलं तर ती नागपूरच्या मोठ्या प्रयोगशाळेत जाते. तिथली तपासणी पक्की असते. पण मग कागद वरपर्यंत जातो. आणि तिथंही तेच निघालं तर मी काही करू शकणार नाही. नोकरीच जाईल, काटाही मिळणार नाही. उद्या चारपर्यंत विचार करा.”

बाहेर आले तर टाइम ऑफिसच्या काळ्या फळ्यावर खडूनं लिहिलं होतं : ‘खालील कर्मचारी पाळीवर घेऊ नये.’ खाली एकच नाव, संपूर्ण. सौ. ज्योत्स्ना हेमराज वांढरे. अक्षर गेडामबाबूंचं. तेही मोत्यासारखं.

घरी मी सरळ स्वयंपाकघरात गेले आणि तांदळाच्या डब्यामागची पिशवी काढली. तिच्यात गोळ्यांची पट्टी होती. नऊ महिने मी ती गोळी रोज सकाळी घेत होते आणि हे जगात तीनच माणसांना माहीत होतं. मला, हेमराजना आणि जिल्हा रुग्णालयातल्या मनाच्या डॉक्टर काझी मॅडमना.

आदल्या उन्हाळ्यात मला काहीतरी झालं होतं. काय झालं ते विचारू नका, कारण मीही शोधून दमले. कुणी मेलं नव्हतं, घरात भांडण नव्हतं, लेक शाळेत पहिली येत होती. तरी मला सकाळी उठून वेणी घालायची म्हटलं तरी रडू यायचं. जेवण मातीसारखं लागायचं. मला सगळ्यात जास्त लाज याचीच वाटायची, की कारण नाही. कारण असतं तर छाती ठोकून रडले असते. शेवटी हेमराजनीच मला चंद्रपूरला नेलं. काझी मॅडमनी अर्धा तास ऐकून घेतलं, मग पहिला प्रश्न विचारला, “डंपर चालवता ना? मग झोप आणणारी गोळी तुम्हाला द्यायची नाही.” आणि त्यांनी मुद्दाम अशी गोळी निवडली जिनं सुस्ती येत नाही. महिना-दीड महिन्यानं वरणाला पुन्हा चव आली. त्यानंतर दर महिन्याला गोळ्या आणायला हेमराज जायचे, कारण रुग्णालयातल्या औषधांच्या खिडकीपाशी मला कुणी ओळखीचं भेटेल याची मला धास्ती होती.

संध्याकाळी हेमराज दुकानातून आले. त्यांचं वायरिंगच्या सामानाचं छोटं दुकान होतं. बातमी त्यांच्या आधीच गावात आली होती.

“सही करून टाक,” ते म्हणाले.

“मी घेतलीच नाही तसली गोळी, तर सही कायची करू?”

“मले मालूम हाये तू घेतली नाही. पण सांगशीन काय? गोळी खाते म्हून सांगशीन? कायची गोळी, ते विचारतीन ना लोकं. गावाले काय, मनाची गोळी म्हटली की येडीच. पोरीचं कसं होईन उद्या?”

“अन् नशेची म्हटली त चालते?”

त्यांनी दुकानाच्या किल्ल्या खुंटीला अडकवल्या. मग म्हणाले, “काट्यावर खुर्ची भेटते ना.”

मला इतका राग आला की मी ताट वाढलं आणि दुसऱ्या खोलीत जाऊन बसले. राग त्यांचा नव्हता. ते बोलले तेच दिवसभर माझ्याही मनात चाललं होतं, आणि ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर मला कळलं की ते किती घाणेरडं आहे. मी काही चोरी केली नव्हती. मी आजारी पडले होते आणि बरी झाले होते. बरी झाले याची शिक्षा मी स्वतःच्या सहीनं का घ्यायची?

सकाळी उठले तर हेमराज घरात नव्हते. दारात चप्पल नाही, मोटारसायकल नाही. दुकानाचं कुलूप उघडलेलं नाही, असं लेक सांगत आली. रुसले असतील म्हणून मी सोडून दिलं. सव्वातीनला मी कंपनीचा निळा शर्ट घातला, त्याची घडी मोडू नये म्हणून खाणीपर्यंत चालत गेले.

केबिनमध्ये सबनीस साहेब होते, ठमके होता आणि कागद लिहून घ्यायला गेडामबाबू होते. टाइप केलेला कागद माझी वाट पाहत टेबलावर पडला होता.

“साहेब, मी सही करत नाही,” मी म्हटलं. “ते दुसरी बाटली नागपूरले पाठवा. अन् एक गोष्ट सांगाची हाये. मी गोळी घेते. नऊ महिन्यांपासून. माया अंगात औषध म्हणून तेवढंच जाते, त पट्टीवर जे आलं ते त्याच्यानंच आलं असंन.”

“मग अर्जात निरंक कसं?”

गेडामबाबूंनी मान खाली घातली. त्यांच्या हातातलं पेन थांबलं होतं. अठ्ठावीस वर्षांची नोकरी, दोन वर्षं उरलेली. मी त्यांच्याकडे बोट दाखवलं असतं तर ते खरंच झालं असतं. पण अर्धंच खरं झालं असतं.

“लिहिलेलं होतं,” मी म्हटलं. “मी वाचलं अन् सही केली. वाचून मले बरं वाटलं, का कोणाले सांगा नाही लागलं.”

“कसली गोळी?” साहेबांनी विचारलं.

हा प्रश्न येणार हे मला माहीत होतं. घरून निघताना मी त्याचं उत्तर चार वेळा पाठ केलं होतं, डोकेदुखीची म्हणायचं. ते ओठांवर आलंही. आणि मग माझी मलाच कीव आली. शंभर टन माती ओतायला मी रोज कड्याच्या तोंडाशी मागे जाते आणि चार शब्दांना घाबरते?

“मनाची,” मी म्हटलं. “जिल्हा रुग्णालयात मनाच्या डॉक्टर हायेत, त्यांची.”

सबनीस साहेबांची नजर बदलली ती मला दिसली. आतापर्यंत ते चूक केलेल्या बाईकडे बघत होते, आता ते काचेच्या भांड्याकडे बघावं तसे बघायला लागले.

“आणि तुम्ही या अवस्थेत डंपर चालवत होता? शंभर टनी?”

तेव्हा मात्र माझा तोल गेला. किंवा तेव्हाच तो सावरला, कोण जाणे.

“साहेब, या अवस्थेत नाही. आता मी चांगली हाये. तुमाले भ्यायचं होतं त मागच्या उन्हाळ्यात भ्यायचं होतं. मे महिन्यात एका दुपारी माती टाकायच्या जागेवर डंपर मागं घेतला अन् माया हातच उचलेना. लिव्हर समोर हाये, हात मांडीवर हाये, अन् हात उठत नाही. अकरा मिनिटं मी तशीच बसली होती. घड्याळाकडे पाहून राहिली होती, म्हून मालूम हाये. इंजिन गरम झालं म्हून सांगतलं मी सगळ्याले. त्या दिवशी मी गोळी घेत नव्हती, साहेब. त्या दिवशी माया लघवीत काहीच भेटलं नसतं. तुमच्या पट्टीवर साऱ्या रेघा उमटल्या असत्या. अन् तवाच मी धोक्याची होती.”

साहेबांनी कागदाचा कोपरा दुमडला, पुन्हा सरळ केला.

“गोळी सुरू झाल्यापासून माया गाडीले एक ओरखडा गेला का, ते पाहा तुमच्या नोंदीत. अन् मंग ठरवा मी कोनत्या अवस्थेत हाये.”

“साहेब,” गेडामबाबू एकदम म्हणाले. “निरंक मीच लिहितो जी. बाईचंच नाही, चाळीसचं लिहितो. कोनाले विचारत नाही. आधीच्या दिवशीच लिहून ठेवतो.” एवढं बोलून ते घामाघूम झाले. मग त्यांनी स्वतःच ती ओळ कागदावर लिहून घेतली.

दार वाजलं. बाहेरच्या शिपायामागे हेमराज उभे होते. डोक्यात धूळ, शर्टाला घाम, हातात माझी रुग्णालयाची फाइल. मला वाटलं होतं रुसून गेलेत, ते पहाटेच चंद्रपूरला गेले होते. काझी मॅडम दोन वाजेपर्यंत रुग्णांत होत्या, तेवढा वेळ हे त्यांच्या दारापाशी उभे राहिले होते आणि मॅडम उठल्याबरोबर त्यांच्याकडून पत्र लिहून घेतलं होतं.

“साहेब, हे वाचून घ्या,” ते म्हणाले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “काल मी तिले सही कर म्हटलं होतं. ते चुकलं माझं.”

नवऱ्यानं चारचौघांत चूक कबूल केलेली मी आमच्या गावात तोवर पाहिली नव्हती. त्या एका वाक्यासाठी मी हेमराजना पुढची सगळी भांडणं माफ केली, फक्त त्यांना ते सांगितलं नाही.

साहेबांनी पत्र मोठ्यानं वाचलं. गोळीचं नाव ब्युप्रोपिऑन. ही गोळी घेणाऱ्यांच्या लघवीत पट्टीला कधीकधी ॲम्फेटामाइन असल्याचा भास होतो, कारण पट्टी अंदाजानं ओळखते आणि दोन वेगळ्या गोष्टी तिला सारख्या वाटू शकतात. मनाच्या आणखी काही औषधांचंही असं होतं, कुणाचं कुठल्या खिडकीत, कुणाचं कुठल्या. पट्टीवरून कुणालाही दोषी धरू नये, पक्की तपासणी करावी. शेवटी लिहिलं होतं की रुग्ण पूर्ण बरी असून वाहन चालवायला योग्य आहे, आणि औषध आपल्या सल्ल्याशिवाय बंद करू नये.

ठमकेनं कपाळाला हात लावला. “मला नव्हतं माहीत हे,” तो म्हणाला. “शपथेवर सांगतो.”

बाटली त्याच दिवशी नागपूरला गेली. पुढचे पाच दिवस माझं नाव फळ्यावर होतं आणि मी घरी होते. ते दिवस मी कसे काढले ते सांगत नाही. एवढंच सांगते की किराणा दुकानात माझ्यापुढच्या दोन बायका मला पाहून मीठ न घेताच निघून गेल्या.

सहाव्या दिवशी सबनीस साहेबांनी बोलावलं. अहवाल आला होता. ॲम्फेटामाइन आढळलं नाही. आढळलं ते माझं औषध, पत्रात लिहिलं होतं तेच.

“अभिनंदन,” साहेब म्हणाले आणि खरोखर आनंदानं म्हणाले. “उद्यापासून डंपरवर या. मी फळ्यावर सूचना लावतो, की तपासणीचा संच सदोष होता. तुमच्या आजाराचा कुठेही उल्लेख नाही. गोष्ट या खोलीबाहेर जाणार नाही.”

आदल्या आठवड्यात हेच ऐकायला मी नवस बोलले असते. पण या पाच दिवसांत मी गाव ऐकलं होतं.

“साहेब, असं लिहू नका जी.”

“का?”

“संच खराब होता त मंग एकटीचाच कसा खराब निघाला, असं म्हणतीन. साहेबानं सांभाळून घेतली म्हणतीन. बाईले साहेब कायले सांभाळतो, ते तुमाले सांगाची गरज नाही.”

साहेबांचे कान लाल झाले.

“जे हाये तेच लिहा,” मी म्हटलं. “नाही त राहू द्या, मीच सांगते.”

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाच्या हजेरीला सगळे जमले. आमच्याकडे हजेरीनंतर हात पुढे करून सुरक्षेची शपथ होते आणि मग आपापल्या गाडीकडे जायचं. शपथ संपली तशी मी पुढे झाले.

“माया नावानं पाच दिवस फळा रंगला,” मी म्हटलं. “म्हून मीच सांगते. मी नशा करत नाही. मागच्या वर्षी मले मनाचा आजार झाला होता. त्याची गोळी चालू हाये. त्या गोळीनं ते पट्टी फसली. नागपूरचा अहवाल साहेबांपाशी हाये, कोनाले पाहाचा असंन त पाहा.”

कुणी खोकलं. मागून पाण्याच्या टँकरवरचा सुरेश पेंदोर म्हणाला, “म्हणजे येड्याची गोळी खाऊन हे गाडी चालवते? अन् आमी खालून टँकर न्याचा? मी नाही नेत बापा.”

दोघं-तिघं हसले. दोघं-तिघं गंभीरपणे मान हलवायला लागले, आणि त्यांची मला जास्त भीती वाटली. सबनीस साहेबांनी नागपूरचा अहवाल वर करून दाखवला, पण कुणी तिकडे पाहिलं नाही. मला कळून चुकलं की अहवाल माझ्या बाजूनं आला तरी डंपर या चाळीस माणसांनी द्यायचा आहे. मला वर बसू द्यायला ते तयार नसतील तर साहेबांचा कागद कामाचा नाही.

तेव्हा मारोती आत्राम रांगेतून बाहेर आला. हा आमचा डंपमन. डंपर माती टाकायला कड्याकडे उलटा येतो तेव्हा मागे कडा नेमका कुठे संपतो ते चालकाला दिसत नाही. कड्याशी जो माणूस उभा राहून हातानं, शिट्टीनं डंपर मागे बोलावतो तो डंपमन. चालकाचा पाय दोन वीत चुकला तर आधी तो जातो, मग डंपर. पन्नाशीचा हा माणूस दिवसाला चार शब्द बोलायचा, त्यातले दोन शिव्या असायच्या.

“मले बोलू द्या,” तो म्हणाला. “मागच्या मे महिन्यात इंजिन गरम झालं म्हून हिचा डंपर कड्यापाशी थांबला, तवा मी शिडीनं वर चढून पाहिलं होतं. इंजिनले काहीच झालं नव्हतं. बाई काचेमांगं रडून राहिली होती. मी तसाच खाली उतरलो. कोनाले सांगतलं नाही.”

त्यानं मला पाहिलं होतं हे मला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं. सगळ्यांसमोर माझे डोळे भरून आले आणि मी ते पुसले नाहीत.

“त्या दिवशी मले हिचं भेव लागलं होतं,” आत्राम सुरेशकडे वळला. “त्याच्यानंतर नऊ महिने हे रोज वीस-बावीस खेपा माया अंगावर आणून राहिली. तुया टँकर अर्धा मैल दूर राहते बे. मी राहतो मांगं उभा. एक दिवस मले सरकाचं काम नाही पडलं. हे सारं ते गोळी खाऊनच केलं ना तिनं? मंग तेच गोळी खाय म्हणा. दुसरी नाही पाहिजे.”

हशा पिकला, पण आता तो माझ्यावर नव्हता. सुरेश काहीतरी पुटपुटला आणि टँकरकडे गेला. बाकीचेही पांगले. शपथेच्या जागी मी एकटी उरले तेव्हा दोन माणसं, वेगवेगळ्या बाजूंनी, एकमेकांना दिसणार नाही अशा बेतानं माझ्याजवळ आली आणि दोघांनीही एकच विचारलं, की त्या चंद्रपूरच्या मॅडम कोणत्या वारी बसतात.

आता मी नवीन चालकांना शिकवते. माझ्या हाताखाली अकरा मुली डंपरवर बसल्या. त्यांना मी पुष्कळ गोष्टी सांगते, पण त्या सकाळची पहिली खेप मला कधी नीट सांगता आलेली नाही.

मी शिडी चढले, बसले, पट्टा लावला. खोदयंत्रानं, शॉव्हेलनं, माझ्या गाडीत माती भरली. चढ चढून मी कड्यापाशी आले, गाडी वळवली आणि आरशात पाहिलं. आत्राम आपल्या रोजच्या जागेवर उभा होता. कड्याशी, रोज होता तिथंच, वीतभरही लांब नाही. त्यानं शिट्टी मारली आणि हात हलवला, आन, आन, आन. मी शंभर टन त्याच्या हाताकडे मागे आणले.